खुर्ची येईपर्यंत बसून राहा
(ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



२००८ साली विमानतळ बेगमपेटहून शमशाबादला गेला. तिथल्या लांबलचक वाटा आम्हा ज्येष्ठांच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. तरी व्हीलचेअर म्हटली की आमच्यातले बरेचजण संकोचतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून एक वृद्ध जोडपे मुंबईला उतरले. दोघांसाठी खुर्च्या सांगितल्या होत्या, आली एकच. ऐंशी वर्षांच्या त्या गृहस्थांना थांबण्याची विनंती केली होती, असे विमान कंपनीचे म्हणणे. पत्नीला खुर्चीत बसवून ते सोबत चालत निघाले, इमिग्रेशनपाशी कोसळले आणि गेले. डीजीसीएने कंपनीला ३० लाखांचा दंड केला. पण गेलेला माणूस दंडाने परत येत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, खुर्ची मागा. गरज दोघांना असेल तर दोघांसाठी मागा. तिचे पैसे पडत नाहीत. पायऱ्या चढता येतात का, आसनापर्यंत चालता येते का, हे स्पष्ट सांगा. त्यावरच मदत ठरते. उतरल्यावर दुसरी खुर्ची येईपर्यंत दोघेही बसून राहा. सामान कुठे जात नाही, मुलेही बाहेर थांबतात.

आपल्या मंडपात आरतीला कुणी खुर्चीत बसले तर कुणी नावे ठेवत नाही. मग विमानतळावर लाज कसली?

आणि धडधाकट मंडळींनी केवळ रांग चुकवायला खुर्ची मागू नये. ती कुणाच्या तरी आजोबांच्या वाट्याची असते.