अंगणातली चूल



हिवाळा, घरचं जेवण आणि मैत्री यांवर बोल, असं मला सांगितलं गेलंय. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. त्यामुळे थंडीत किती बदाम खावेत, हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मी डहाणूचा आहे, म्हणून आमच्याकडच्या एका हिवाळ्याबद्दल बोलतो. २०१८-१९ चा हिवाळा.

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असतील. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलायला लागली. धुंदलवाडी आणि आजूबाजूच्या गावांत सगळ्यात जास्त. एक मोठा भूकंप झाला आणि संपला, असं ते नव्हतं. लहान लहान धक्क्यांची मालिकाच होती. दिवसा, रात्री, कधीही. आधी जमिनीतून स्फोटासारखा आवाज यायचा, मग भांडी वाजायची. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली.

लोक म्हणायचे, तीनचाच तर होता, त्यात काय! रिश्टरचे आकडे आपल्या साध्या बेरजेसारखे नसतात. तीन आणि चार यांच्यात ऊर्जेचा फरक साधारण बत्तीसपट असतो. शिवाय आमच्याकडचे धक्के जमिनीखाली फार खोल नव्हते, त्यामुळे आकडा लहान असला तरी घर चांगलंच हलायचं. आणि रात्री दोन वाजता उठून बसलेल्या बाईला आकडा सांगून काय उपयोग?

लोक घरात झोपेनात. प्रशासनाने तंबू दिले, काहींनी ताडपत्र्या बांधल्या. मुंबईकरांना वाटतं, पालघरला कसली थंडी? किनाऱ्यावर ठीक आहे. आत डोंगराकडे गेलात की पहाटे दव इतकं पडतं की गोधडी ओली होते.

इंजिनिअरिंगला माझ्यासोबत एक वारली मुलगा होता. चार वर्षं एकाच बाकावर. त्याचं घर तलासरी तालुक्यात, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. चार वर्षांत आम्ही एकमेकांचे सबमिशन लिहिले, पण एकमेकांच्या घरी जेवलो नव्हतो. भांडण नव्हतं की मनाई नव्हती, विषयच निघाला नव्हता. नोकरीला लागल्यावरही तो व्हॉट्सअ‍ॅपवर होताच. त्या जानेवारीत त्याने लिहिलं, ‘आई झोपत नाही.’ मी शनिवारी गेलो.

घराच्या भिंती कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. त्या तशा हलक्या, पडल्या तरी माणूस वाचण्याची शक्यता जास्त. शेजारच्या विटांच्या घराला मात्र तडे गेले होते. पण भीती भिंत बघून येत नाही. मावशींनी चूल अंगणात मांडली होती आणि शेजारच्या दोन घरांनीही तेच केलं होतं. आधी तीन चुली वेगळ्या होत्या, मग लाकडं वाचावीत म्हणून एक झाली. एकीची भाकरी, दुसरीची उडदाची आमटी, तिसरीकडे सुकट. मावशी म्हणाल्या, ‘रांधताना हललं तर कळत नाही, बसून राहिलं की कळतं.’ मला आजवर मानसिक आरोग्यावर मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत हा सगळ्यात उपयोगाचा वाटतो.

माझ्यासाठी त्या दिवशी कोंबडी नव्हती. मित्राने घरी आधीच सांगितलं होतं, हा आपल्याकडे कापलेली खात नाही. कुणाला त्यात अपमान वाटला नाही. मावशींनी मडकं लावलं. तलासरी ओलांडून गुजरातकडे गेलात की हिवाळ्यात महामार्गाच्या कडेला उबाडियोचे ठेले लागतात, तोच प्रकार. पापडी, रताळी, कोनफळ, बटाटे, ओवा, हिरवी लसूण, मीठ. मडक्यात रानातला वासाचा पाला दाबून भरायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. रायगडकडची पोपटी याची बहीण. मडकं उघडलं की जो वास येतो त्यासाठी डहाणू स्टेशनवर उतरायला हरकत नाही.

अंगणात ताडीही होती. मी घेतली नाही, कुणी आग्रह केला नाही. मीही कुणाला उपदेश केला नाही.

भाकरी तांदळाची. अम्मीही तांदळाचीच करते. ती उकड काढून मळते. मावशींची थोडी जाड, कडेला करपलेली. मी तसं बोलून दाखवलं तर मावशी हसल्या आणि म्हणाल्या, ‘तुझ्या आईला घेऊन ये, बघू कोणाची फुगते.’

‘आपलं तिथे खाणं होत नाही,’ हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोललं जातं. समोरूनही बोललं जातं, हे मला माहीत आहे, आणि त्यांचं बरंच जास्त बोचतं. पण हलाल पाळणं ही एक गोष्ट आणि त्याच्या आडून कुणाच्या घरी कधीच न जाणं ही दुसरी. पहिलीची अडचण एका फोनने सुटते. डाळ, भाकरी, मासळी, पापडी, एवढं तर सगळ्यांच्या घरात असतं. दुसरीची सुटत नाही, कारण तिथे अडचण खाण्याची नसतेच. एरवी आपण ऑफिसात डबा शेअर करतो आणि त्यालाच मैत्री म्हणतो. डबा तुमच्या टेबलावर येतो. चुलीजवळ तुम्हाला जावं लागतं, आणि तिथे गेल्यावर त्या घरातलं कोण झोपत नाही, हे कळतं.

त्या रात्री मी तिथेच झोपलो, ताडपत्रीखाली. पहाटे एक धक्का बसला. लहान होता. सगळे उठून बसले. कुणीतरी चहा टाकला. मावशींनी उरलेली रताळी राखेत ढकलली आणि उजाडेपर्यंत आम्ही ती सोलून खात बसलो. बोलणं भूकंपाचं नव्हतं, मित्राच्या लग्नाचं होतं. मुलगी कुठली, किती शिकलेली, वगैरे. त्याला पळून जायला जागा नव्हती.

महिनाभराने तो डहाणूला आमच्याकडे आला. अम्मीने पाये केले होते. त्याने दोनदा घेतले, आणि निघताना अम्मीने त्याच्या आईसाठी डबा भरला. तो डबा परत आला तेव्हा त्यात वालाची पापडी होती. तेव्हापासून तो रिकामा फिरत नाही.

धक्के पुढची काही वर्षंही अधूनमधून येत राहिले. मावशी आता घरात झोपतात, पण दाराजवळ. पापडी आली की फोन येतो. या वर्षी अम्मीही म्हणते की तिला यायचंय, मडक्यात तो पाला नेमका कोणता घालतात, ते तिला स्वतः बघायचंय.