हात वर का जात नाही?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



चिटणीसांनी विषय माझ्यावर सोपविला, तेव्हा मी खांदा निवडला. हृदयविकार आणि मधुमेह यांवर आपण दरवर्षी ऐकतोच. पण दुर्गदबैलच्या कापडदुकानात वरच्या फळीवरचे तागे दिवसभर काढणारा नोकर, पेढ्याच्या कढईत उलथणे फिरविणारा धारवाडचा कारागीर, शिवणयंत्रावर चाळीस वर्षे वाकलेले आपले शिंपीबंधू आणि रोज वीस-पंचवीस भाकऱ्या थापणारी गृहिणी यांच्या खांद्याची दाद सहसा कोणी घेत नाही. रात्री त्या कुशीवर झोप येत नाही, असे त्यांनी सांगितले की घरचे म्हणतात, "वात आहे, तेल चोळा."

खांद्याची घडण मोठी विलक्षण आहे. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसविलेला असतो. खांद्याचा गोळा मात्र लहानशा बशीवर लाडू टेकवून ठेवावा तसा नुसता टेकलेला असतो. म्हणून तर हात सर्व दिशांना फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही लौकर. त्या गोळ्याला जागेवर आवळून धरणारे चार स्नायू पाठीच्या फऱ्यावरून निघतात. त्यांच्या चपट्या कंडरा एकमेकींत मिसळून गोळ्याभोवती सदऱ्याच्या बाहीच्या कफासारखी पट्टी तयार करतात. तिला रोटेटर कफ असेच म्हणतात. ही पट्टी वयोमानाने विरते, आणि एखाद्या दिवशी बादली उचलताना किंवा पडल्यामुळे हाडापासून सुटते. शिंपीबंधूंना सांगायला नको, विरलेले कापड फाटायला निमित्तच लागते.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या कमीपणाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी साठीच्या एक बाई पावसात पायरीवरून घसरल्या व त्यांचा उजवा खांदा निखळला. मी तो बसविला, क्ष-किरण चित्र पाहिले, ते उत्तम होते. झोळी बांधून त्यांना घरी पाठविले. तीन आठवड्यांनी हात वर जाईना. दुखण्यामुळे आखडला असेल, असे मी ठरविले व व्यायाम सांगितला. बाई बिचाऱ्या निष्ठेने व्यायाम करीत राहिल्या. आठ महिन्यांनी एमआरआय केला, तेव्हा दोन कंडरा हाडापासून सुटून पार आत ओढल्या गेलेल्या आणि स्नायूंच्या जागी चरबी भरलेली दिसली. तशी चरबी एकदा भरली की टाका घालूनही स्नायू पूर्ववत् होत नाही. चाळिशीनंतर खांदा निखळला की कफ फाटला आहे काय हे पाहावेच, हा नियम मी वाचलेला होता. त्या दिवशी तो आठवला नाही. त्या बाई आजही डाव्या हाताने उजव्याला टेकू देऊन वेणी घालतात.

म्हणून निदानाविषयी जरा सविस्तर बोलतो. खांदा आखडणे, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, तो बहुधा चाळीस ते साठ वयात व मधुमेह्यांत विशेष आढळतो. त्यात रोग्याला हात उचलता येत नाही आणि डॉक्टरांनाही तो उचलून देता येत नाही, सांधाच घट्ट झालेला असतो. कफ फाटला असेल तर गंमत उलटी. डॉक्टर हात अलगद वर नेतात, पण सोडताच तो धपकन् खाली येतो. ही परीक्षा फुकट होते. तिला यंत्र लागत नाही, रोग्याचा सदरा काढून पाठीकडून नीट पाहायला मात्र वेळ लागतो. दुखणे मानेच्या शिरेचेही असू शकते. आणि डावा खांदा दुखून घाम फुटला, छाती भरून आली, तर खांद्याच्या डॉक्टरकडे न जाता थेट हृदयाची तपासणी करावी.

सोनोग्राफी किंवा एमआरआयने फाट किती मोठी ते कळते. पण अहवालात 'फाट' हा शब्द दिसताच घाबरू नका. साठी उलटलेल्या पुष्कळांच्या खांद्यांत अशी फाट असते आणि त्यांना तिचा पत्ताही नसतो. हळूहळू झिजून झालेल्या लहान फाटीला प्रथम व्यायामच द्यावा. स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन चालेल, पुनःपुन्हा घेऊ नये, कंडरा कमकुवत होते. मात्र कालपर्यंत धडधाकट असलेला हात पडल्यानंतर एकाएकी उचलेनासा झाला, तर तेथे थांबणे धोक्याचे. माझ्या मते ही तपासणी काही आठवड्यांतच झाली पाहिजे.

ही कंडरा शिवण्याची शस्त्रक्रिया बोस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन यांनी 1911 साली प्रसिद्ध केली. हा गृहस्थ विक्षिप्त होता. प्रत्येक रोग्याचे पुढे काय झाले ते वर्षभराने तपासावे व चुका छापाव्यात, असा त्याचा आग्रह. त्यापायी 1914 मध्ये त्याने मोठ्या इस्पितळाची नोकरी सोडली. मला तो शिवण्यापेक्षा या आग्रहासाठी अधिक मोठा वाटतो. आज बोटाएवढ्या छिद्रांतून दुर्बीण घालतात, हाडात धागे ओवलेल्या बारीक खुंट्या रोवतात, आणि त्या धाग्यांनी कंडरेचा काठ हाडावर आवळतात. शिवता येण्यापलीकडे गेलेल्या वृद्ध सांध्यासाठी फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी 1985 च्या सुमारास गोळ्याच्या जागी वाटी व वाटीच्या जागी गोळा असा उलटा कृत्रिम सांधा काढला, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू एकटाच हात उचलू शकतो.

पूर्वी अशा कामासाठी मुंबई-पुणे गाठावे लागे. आता हुबळी-धारवाडातही हे होते. पण टाका घातला म्हणजे काम झाले असे नव्हे. चार ते सहा आठवडे झोळी, मग दुसऱ्याच्या मदतीने हालचाल, सुमारे तीन महिन्यांनी ताकदीचे व्यायाम, आणि जड काम सहा महिन्यांनंतर. सचिन तेंडुलकरांच्या उजव्या खांद्यावर 2006 च्या मार्चमध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरात त्यांनी क्वालालंपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद 141 धावा काढल्या. अर्थात त्यांच्या दिमतीला फिजिओ होता. कापडदुकानातल्या नोकराला सहा महिने पगारच मिळत नाही. मग तो दीड महिन्यात ताग्यांना हात घालतो आणि टाका उसवतो. धूम्रपान व वाढलेली साखर यांनीही टाका धरत नाही.

विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. आपला वैद्यकीय निधी शस्त्रक्रियेचे बिल पाहून मदत देतो. त्यातला काही भाग व्यायामतज्ज्ञाच्या फीसाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठी राखून ठेवावा. आणि ट्रस्टच्या सभागृहात मागल्या भिंतीला दोन कप्प्या बसवू द्याव्यात. त्यांवरून दोर टाकून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा असतो. दर रविवारी सकाळी मी तास-दीड तास येईन. दोर मी आणतो, कप्प्यांचा खर्च ट्रस्टने करावा.