आधी साक्ष जपा, मग कॉम्प्युटर निवडा



१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावं, ही त्यांची मागणी होती. त्या सातजणींची नावं आज आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? ज्यांनी सोसलं, त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून नोंदवायला हवं ते यासाठी. तुम्ही मोहल्ल्यातल्या नानी-दादींच्या मुलाखती मोबाइलवर घेता, तेव्हा हेच काम करता. मग प्रश्न येतो : एडिटिंगसाठी कॉम्प्युटर कोणता घ्यायचा?

दुकानदार आधी ग्राफिक्स कार्ड दाखवतो. मी म्हणेन, ते शेवटी बघा. महागडं कार्ड जड इफेक्ट आणि रंगांच्या कामाला लागतं. आपल्याला मुख्यतः कापायचं, जोडायचं, आवाज नीट करायचा आणि सबटायटल द्यायचे असतात.

प्रोसेसर मात्र नीट निवडा. मोबाइलचा व्हिडिओ एच.२६४ किंवा एचईव्हीसी पद्धतीने दाबून साठवलेला असतो. त्यातल्या बहुतेक फ्रेममध्ये पूर्ण चित्र नसतं, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे एक फ्रेम दाखवायला अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये या कामासाठी 'क्विक सिंक' हा वेगळा भाग असतो. ज्या डेस्कटॉप मॉडेलच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असतं, त्यात तो नसतो. रॅम १६ जीबी घ्या. लॅपटॉप असेल तर ती पुढे वाढवता येते का, हे आधीच विचारा.

आता साठवणुकीचं बघू. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने चित्रित केलेला एक तास साडेबावीस जीबी जागा खातो. दहा तासांचे २२५ जीबी झाले. चालू काम एसएसडीवर ठेवा. मूळ चित्रीकरणाच्या तीन प्रती करा, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि एक प्रत दुसऱ्या घरी असू द्या. एखादी बाई विश्वासाने तिच्या तलाकची हकिकत सांगते, तेव्हा ती कुणाच्याही हाती पडू नये. म्हणून डिस्क एन्क्रिप्ट करा आणि पासवर्ड मोजक्यांनाच सांगा.

नवा कॉम्प्युटर परवडत नसेल तरी थांबू नका. केडेनलाइव्ह हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात प्रॉक्सीची सोय आहे, म्हणजे मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रतींवर काम करायचं आणि अंतिम फिल्म मूळ चित्रीकरणातून काढायची. त्यामुळे जुन्या मशीनवरही काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो.

तेव्हा बजेट करताना साठवणुकीच्या डिस्कचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशांत बसेल तो कॉम्प्युटर घ्या आणि या आठवड्यात पुढची मुलाखत ठरवा.