चिंचणीत आपले स्वागत असो

सन्माननीय अध्यक्षमहोदय, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, सरकारी-निमसरकारी कार्यालयांतून आलेले प्रतिनिधी बंधुभगिनींनो, आणि आजची मासेमारी बंद ठेवून मंडपात येऊन बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

चिंचणीत आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. सकाळपासून वीज दोनदा गेली. जनरेटर आहे, पण तो सुरू करणारा मुलगा नाश्त्याला गेला होता. आता त्याचा नाश्ता जनरेटरजवळच पाठवला जाईल. समुद्राचा वारा जोराचा आहे. पश्चिमेकडची कनात फडफडली तर घाबरू नये, ती बांबूला नव्हे, शाळेच्या खांबांना बांधली आहे.

आमच्या गावाचे नाव एकटे कधी घेतले जात नाही. चिंचणी-तारापूर असे जोडीनेच घ्यायचे. मध्ये खाडी, अलीकडे चिंचणी, डहाणू तालुक्यात, आणि पलीकडे तारापूर, पालघर तालुक्यात. तारापूरला पोर्तुगीजांचा किल्ला आहे. १७३९च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला तेव्हा बाजी भिवराव रेठरेकर तिथे धारातीर्थी पडले. पुढे तोच किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी सावकाराकडे इनाम म्हणून गेला. या घराण्याची पेढी हैदराबादच्या निजामापर्यंत पोचली होती. १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, त्यालाही नाव मिळाले तारापूरचे. कारखाने बोईसरला गेले, रेल्वे स्टेशनही बोईसरचे. चिंचणीच्या वाट्याला काय आले, असे कुणी विचारले तर मी दोन गोष्टी सांगतो. पहिली आमचे डायमेकर. दागिन्यांवरची नक्षी ज्या साच्यांतून उठते ते पोलादी साचे आमच्या परिसरात घराघरांत कोरले जातात. आपल्या घरातल्या बांगडीवरची वेलबुट्टी कदाचित आमच्याच एखाद्या पडवीत जन्मली असेल.

दुसरी गोष्ट सांगायला मला जरा वेळ लागेल. कार्यवाहांनी मला दहा मिनिटे दिली आहेत, पण स्वागताध्यक्षाचे घड्याळ वेगळे असते.

परिषदेचा विषय कळला तेव्हा समितीत एकाने विचारले, ‘सरकारी कार्यालयांत सगळ्या धर्मांना, सगळ्या समाजांना मानाने सामावून घ्यायचे, हे ठीक; पण याचा चिंचणीशी काय संबंध?’ मी म्हटले, संबंध तांब्यावर कोरलेला आहे.

१९५५ साली आमच्या गावात ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यातला सर्वांत जुना शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा. तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचे, गादीवर इंद्र तिसरा. आणि संजाण मंडळाचा, म्हणजे या साऱ्या किनारपट्टीचा कारभार कुणाकडे? मधुमती नावाच्या ताजिकाकडे. ताजिक म्हणजे अरब. मधुमती म्हणजे मोहम्मद आणि त्याचा बाप सहियारहार म्हणजे शहरियार, असे संशोधक मानतात. इंद्राच्या आधीच्या कृष्ण दुसऱ्याने त्याला हे मंडळ दिले, कृष्ण गेल्यावरही ते त्याच्याकडे राहिले. त्याने आसपासची बंदरे जिंकली आणि तिथे आपले अधिकारी नेमले. दोन प्रवाहांवर फुकट होड्या ठेवल्या. एक अन्नसत्र उघडले. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे, तेही फुकट. आमच्या समितीचे जेवणाचे कूपन ऐंशी रुपयांचे आहे, हे इथे लाजत नमूद करतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्याच्या अमात्याचा मित्र अण्णय्य नावाचा ब्राह्मण होता. त्याने संजाणला देवीचा मठ बांधला. देवीची पूजा चालावी, ब्राह्मणांना जेवण मिळावे म्हणून त्या मठाला जमीन देणारा अधिकारी हा मधुमती. दानपत्र संस्कृतात. त्यात मधुमतीचा धर्म कुणाला खटकल्याची खूण नाही, आणि कौतुक म्हणूनही कुणी तो सांगितलेला नाही. मठाला पुढे कटकट झाली ती शेजारच्या देवळाशी, जागेवरून, आणि तडजोड म्हणून मठाने देवळाला रक्कम द्यायचे ठरले. तेव्हाही भांडणे होती, पण ती बांधाची होती.

शके ९५६च्या पटात, शिलाहारांच्या काळात, त्याच मठाला तेलाचा घाणा मिळाला. त्या तेलाने देवीपुढे दिवा लावायचा आणि अध्ययन करणाऱ्यांच्या पायांना तेल चोळायचे. या दानाची खबर ज्या नगरमंडळींना दिली त्यांत अलिया, महर, मधुमत अशी नावे आहेत आणि हंजमन, म्हणजे बहुधा पारशी अंजुमन, यांचाही उल्लेख आहे.

माझा एक मित्र म्हणतो, ‘अहो, हे सगळे संजाणचे, आणि संजाण आता गुजरातेत!’ ताम्रपट सापडला चिंचणीत, म्हणून तो चिंचणीचा. यावर चर्चा नको.

राष्ट्रकूट फार उदार होते म्हणून हे घडले, असे मी म्हणणार नाही. बंदरात जकात होती आणि अरबांची जहाजे होती. चौलला ९१६च्या सुमारास आलेला अरब प्रवासी अल-मसूदी लिहितो की तिथे दहा हजार मुसलमान राहत, आणि राजाने त्यांचा प्रमुख त्यांच्यातूनच नेमला होता. राज्याला फायदा कळत होता. पण फायदा कळूनही माणसाला दारात उभे ठेवणारी राज्ये कमी नाहीत. मधुमतीला ओटीवर बसवले नाही, सदरेवर बसवले. मला या परिषदेला एवढेच विचारायचे आहे की आपल्या कार्यालयांत सदरेवर कोण आहे?

राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, जन्मस्थान यावरून भेद करायला बंदी केली. आमचा डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्र. वारली, मल्हार कोळी, कातकरी, धोडिया, दुबळा हे इथले लोक. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांच्या जागा इथल्या आदिवासींतूनच भराव्यात, अशी राज्यपालांची अधिसूचना २०१४ साली निघाली आणि त्यापाठोपाठ कोर्टकचेऱ्याही आल्या. जागा भरणे हे अर्धे काम. वारली बाई दवाखान्यात आपल्या बोलीत दुखणे सांगते आणि समोरचा हसतो, हे मी पाहिले आहे. शुक्रवारी नमाजाला अर्धा तास मागणारा शिपाई साहेबाच्या केबिनबाहेर कसा उभा असतो, तेही पाहिले आहे. ऐच्छिक सुट्टीच्या यादीत पतेती असते, नाताळाच्या आधीचा दिवस असतो. पण अर्ज करताना खालच्या मानेने का करावा लागतो? उत्तरे आपण विद्वान मंडळी द्याल. मी चिकूची बाग सांभाळणारा माणूस, आपल्या विषयात माझी गती तेवढीच.

व्यवस्थेविषयी थोडे. शुक्रवारी दुपारी एक ते दोन कोणतेही सत्र ठेवलेले नाही. जेवणात आमची उकडहंडी आहे. तिच्यात कोनफळ, रताळी असतात, म्हणून जैन प्रतिनिधींचे पान वेगळ्या स्वयंपाकघरातून येईल. बोंबील मंडपाच्या उत्तरेला, वाऱ्याची दिशा पाहून. निवास शाळेच्या वर्गांत आहे. बाके लहान आहेत, डास मोठे आहेत, मच्छरदाण्या कमी पडल्यास क्षमा असावी. गरम पाणी सहाला मिळेल असे पत्रिकेत छापले आहे, ते साडेसहा वाचावे. बोईसर स्टेशनवरून आणायला पाठवलेल्या दोन गाड्यांपैकी एक वाणगावला गेली, बोईसरला उतरून बसलेल्या पाहुण्यांची मी हात जोडून माफी मागतो.

आणि आभार. डायमेकर बांधवांनी मंडपाचा खर्च उचलला. मच्छीमार सोसायटीने बर्फ आणि पापलेट दिले, बागायतदारांनी चिकू. पारशी कुटुंबांनी पाहुण्यांसाठी बंगल्याच्या खोल्या उघडल्या, बोहरा व्यापाऱ्यांनी ताडपत्र्या, खुर्च्या आणि हिशेब न मागता रोकड दिली. वारली भगिनींनी कमानीवर काढलेला तारपा आपण येताना पाहिलाच. त्यांना मानधन दिले आहे, कारण नुसते कौतुक करून भागवायची सवय आम्ही समितीत मोडायचे ठरवले. एका कारखानदाराचा कबूल केलेला धनादेश अजून वाटेत आहे. नाव घेत नाही, ते इथे बसले आहेत. विद्यार्थी स्वयंसेवक, पाण्याचा टँकरवाला, रात्रभर जागलेला इलेक्ट्रिशियन, आणि मला हे भाषण तीनदा लहान करायला लावणारे कार्यवाह, सर्वांचा मी ऋणी आहे.

कूपने प्रवेशद्वाराजवळ मिळतील, आदल्या रात्रीची चालणार नाहीत. आता उद्घाटकांनी समई प्रज्वलित करावी; काडेपेटी चौरंगाच्या खाली, डाव्या बाजूला आहे.