चांदीपुरा आणि साथीची खबर

चांदीपुरा हा विषाणू पहिल्यांदा हाती लागला तो नागपुरात, १९६५ मध्ये. त्या वर्षी इथे डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा ताप पसरला होता. तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपासले. त्यांतल्या दोघांच्या रक्तात निराळाच विषाणू निघाला आणि त्याला इथल्याच चांदीपुरा या ठिकाणाचे नाव मिळाले. भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

पुढची बरीच वर्षे त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. आफ्रिकेत सेनेगलमधल्या सँडफ्लायमध्येही तो सापडला, पण तीही नोंद अभ्यासकांपुरतीच राहिली. मग २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. कारण हाच विषाणू. २००७ मध्ये नागपूर विभागातल्या मुलांनाही त्याने गाठले.

हा विषाणू पसरवणारी सँडफ्लाय ही डासाहूनही लहान, भुरकी माशी. मातीच्या भिंतीतल्या भेगा, गोठ्याचा ओलसर कोपरा, घराला लागून असलेला उकिरडा या तिच्या जागा. आजाराचा वेग भयंकर असतो. सकाळी मुलाला ताप भरतो, उलट्या होतात, मग झटके येतात, शुद्ध हरपते. अनेकदा दोन दिवसांच्या आत सगळे संपते. नमुना घ्यायला हाती उरतात ते काही तास. तो गारच राहायला हवा, आणि पुण्याचे ते केंद्र नागपूरहून सातशे किलोमीटरवर.

देशात साथींवर पाळत ठेवण्याची घडी बसली तीही एका धक्क्यानंतरच. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेग आला. त्यानंतर १९९७ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला आणि नोव्हेंबर २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्यात तीन फॉर्म होते. उपकेंद्रावरची आरोग्यसेविका लक्षणे पाहून ‘एस’ भरी, डॉक्टर निदानाच्या अंदाजाने ‘पी’, आणि प्रयोगशाळा खात्री झाल्यावर ‘एल’. आठवड्यात एकही रुग्ण नसला तरी शून्य लिहायचेच. शून्य आणि कोरा रकाना यांत फरक आहे: एकात पाहणी झालेली असते, दुसऱ्यात झाली की नाही तेच कळत नाही.

अडचण आठवड्याचीच होती. दोन दिवसांत जीव घेणाऱ्या आजाराची खबर सात दिवसांनी पोचून काय उपयोग? २०२१ पासून ही माहिती संगणकीय मंचावर गावनिहाय आणि रोजच्या रोज भरण्याची सोय झाली. तरी नागपूरची एक गाठ सुटत नाही. इथल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत गोंदिया-गडचिरोलीचे रुग्ण येतात, तसे मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचेही. मूल दाखल होते महाराष्ट्रात, माशी असते पलीकडच्या राज्यातल्या घरात. खबर उलट वाटेने त्या गावापर्यंत गेली नाही तर भेगा लिंपायला आणि मॅलॅथिऑनची धुरळणी करायला कोणी जात नाही. खासगी दवाखान्यांतली नोंद हा तर आणखी कच्चा दुवा.

आफ्रिकी देशांनी आजारांच्या एकत्रित नोंदीची अशीच पद्धत १९९८ मध्ये स्वीकारली. तरीही गिनीतल्या एका खेड्यात डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या इबोलाचे नाव कळायला मार्च २०१४ उजाडला, आणि पश्चिम आफ्रिकेत अकरा हजारांवर माणसे गेली. त्याच साथीत नायजेरियाची गोष्ट वेगळी घडली. जुलै २०१४ मध्ये विमानाने आलेला एक रुग्ण लागोससारख्या अफाट शहरात उतरला. तिथे पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेली यंत्रणा तयार होती. तीच माणसे इबोलाच्या कामाला लावली गेली. रुग्णांच्या संपर्कातल्या जवळपास ९०० जणांवर घरोघर जाऊन नजर ठेवली गेली. एकूण २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला.

विदर्भात घरोघर जाणारी माणसे आहेतच. पोलिओचा डोस पाजायला जाणारी आशाताई तीच, आणि पावसाळ्यात तापाचे मूल घरात आहे का, असे दारात विचारणारीही तीच.