मुळी कुठंय, गुरुजी?



दमदार पाऊस होऊन दोन दिवस उघडीप मिळाली, की आपल्याकडे बांधावर, उकिरड्यावर, शाळेच्या मैदानात पांढऱ्या छत्र्या उगवतात. आपण सरसकट सगळ्यांना ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतो आणि पायाने उडवतो. तिकडे गडचिरोली-गोंदियाकडे वारुळावरच्या अळंबीला ‘सात्या’ म्हणून मान आहे; गोव्यात तर पावसाळ्यात अळम्यांसाठी लोक वाट्टेल तो भाव देतात.

जिंतूर तालुक्यात शिक्षक असताना मीही शिकायचं ठरवलं. एका सकाळी मैदानातल्या हिरवळीवरून टोपीवर तपकिरी खवले असलेल्या, टपोऱ्या आठ-दहा छत्र्या तोडून आणल्या. घरी कांदा चिरून तयार होता. तेवढ्यात एका विद्यार्थ्याची आजी दाराशी आली. तिने एक छत्री उलटी करून पाहिली आणि विचारलं, “मुळी कुठंय, गुरुजी? तोडून आणली का उपटून?”

मला उत्तर देता आलं नाही. कांद्याचं पिठलं झालं. एक टोपी मात्र मी कुतूहलाने पांढऱ्या कागदावर, खालच्या पडद्या कागदाला टेकवून, वर वाटी झाकून रात्रभर ठेवली. सकाळी कागदावर मळकट हिरवी रांगोळी उमटली होती. हिरवे बीजाणू! ही ‘क्लोरोफायलम’ जातीची खूण. ती खाल्ली असती, तर काही तासांतच घरभर उलट्या-जुलाब सुरू झाले असते.

आजीच्या प्रश्नात मोठं शास्त्र होतं. वाळवी वारुळात चघळलेल्या पालापाचोळ्यावर बुरशीची बाग पिकवते. तिथूनच ही अळंबी वर येते, म्हणून मोठ्या जातींची मुळी खोल त्या बागेपर्यंत जाते. टोपीला मध्यभागी टोक असतं, बीजाणू फिकट गुलाबी. पण नुसती तोडून आणली की अर्धी ओळख जमिनीतच राहते. काही अतिविषारी जातींच्या बुडाशी पिशवीसारखं वेष्टन असतं, तेही खणल्याशिवाय दिसत नाही.

चांदीचा चमचा काळा पडला नाही, किडे खातात, लसूण घालून शिजवली, हे सगळे भरवसे खोटे आहेत. जीवघेण्या अळंबीचं विष शिजवून जात नाही. त्रास सहा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतो, मध्येच बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात विषारी अळंबी खाऊन १३ जण दगावले. म्हणून त्रास झालाच तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली अळंबी बरोबर घेऊन दवाखाना गाठा. कापलेली, शिजवलेली, कशीही चालेल.

पुढच्या पावसात आजीने मला माळावरच्या वारुळाशी नेलं. खुरप्याने कडेकडेने माती काढायला लावली. हातभर खोल गेलो तरी मुळी संपेना. “हां, ही,” ती म्हणाली. निम्म्या तिने घेतल्या, निम्म्या मला दिल्या. तेल, तिखट, मीठ, बस्स.

आता आजी नाही, आणि ते वारूळही कुणीतरी सपाट करून सोयाबीन पेरलंय. एवढ्या वर्षांत मी एकच जात शिकलो. तीही ओळखीच्या वारुळावरची असेल तरच खातो. बाकीच्यांचे कागदावर ठसे घेतो.