रहाटाचे फेरे आणि पाटाचें पाणी

विहिरीवर रहाट चालूं असला म्हणजे त्याची कुरकुर लांबून ऐकूं येते. वाटसरूला त्या आवाजावरून रहाटाचा वेग कळतो; परंतु पाटांत पाणी किती आलें, हें मळ्याच्या धन्यालाच विचारावें लागतें. फेरे पुष्कळ झाले आणि गाडगीं लहान असलीं, तर श्रम वाढतात, मळा भिजत नाहीं. संगणकाचें मर्मस्थान जो प्रोसेसर, त्याची जुन्यानव्याची तुलना करतांना लोकांची गत बहुधा या वाटसरूसारखी होते.

प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर कोरलेलें गणितयंत्र. त्याचें सर्व काम एका घड्याळाच्या ठोक्यांवर चालतें. प्रत्येक ठोक्यास काम एक पाऊल पुढें सरकतें. १९७१ सालीं अमेरिकेंतील इंटेल कंपनीनें ४००४ हा प्रोसेसर विक्रीस काढला. त्यांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते व ठोके सेकंदाला सुमारें ७,४०,००० पडत. १९९३ च्या पेंटियममध्यें ट्रान्झिस्टर ३१ लक्ष झाले आणि ठोके ६ कोटींवर गेले. या काळांत ठोकेहि वाढत होते आणि दर ठोक्यास होणारें कामहि वाढत होतें. पण जाहिरातींत ठळक छापला जाई तो आंकडा ठोक्यांचाच. १०० कोटी ठोक्यांना १ गिगाहर्ट्झ म्हणतात; हा आंकडा मोठा तो प्रोसेसर चांगला, असा समज त्यामुळें रूढ झाला.

मग २००० सालच्या नोव्हेंबरांत पेंटियम ४ बाजारांत आला. त्याचे ठोके सेकंदाला १५० कोटी. मागील पेंटियम ३ ची मजल तेव्हां १०० कोटींपर्यंत गेली होती. दीडपट ठोके म्हणजे दीडपट काम, असें ग्राहकानें धरून चालावें हें स्वाभाविकच होतें. प्रत्यक्षांत कित्येक कामांत नवा प्रोसेसर जुन्याच्या फारसा पुढें जाईना, आणि कांहीं कामांत तर मागें पडूं लागला. ज्या कुटुंबानें काटकसरीनें पैसा जमवून मुलांसाठीं संगणक घेतला, त्याला हा फरक दुकानांतील पाटीवर दिसण्याजोगा नव्हता.

याचें कारण प्रोसेसरच्या रचनेंत होतें. बांधकामावर मजूर रांगेनें उभे राहून घमेलीं हातोहात पुढें देतात. रांगेंत माणसें वाढविलीं, तर प्रत्येकाला हात थोडाच लांबवावा लागतो आणि हालचाल झपाट्यानें होते. पेंटियम ३ मधील रांग सुमारें १० टप्प्यांची होती. पेंटियम ४ मध्यें ती २० टप्प्यांची झाली आणि त्याच्याच २००४ च्या आवृत्तींत ३१ टप्प्यांची. ठोके जलद पडूं लागले ते यामुळें. परंतु गणिताच्या ओघांत ‘अमुक झालें तर इकडे, नाहीं तर तिकडे’ असे फांटे पदोपदीं येतात. फांट्याचा निर्णय होण्यापूर्वींच प्रोसेसर अंदाजानें माल पुढें धाडूं लागतो. अंदाज चुकला, कीं रांगेंतील घमेलीं रितीं करून पुन्हां आरंभ! रांग जितकी लांब, तितकी नासाडी मोठी.

शिवाय मेमरीचा वेग ठोक्यांच्या मानानें वाढला नव्हता. तेथून एखादी संख्या आणावयाची, तर प्रोसेसरला शेंकडों ठोके तिष्ठत बसावें लागे. ज्याची घाई मोठी, त्याचा खोळंबाहि मोठा.

तिसरी अडचण उष्णतेची. पूर्वीं ट्रान्झिस्टर लहान होतील तसतसा त्यांना लागणारा विद्युद्दाब उतरवितां येई. पुढें बंद ट्रान्झिस्टरांतूनहि वीज झिरपूं लागली आणि दाब उतरविणें कठीण झालें. पेंटियम ४ चे ठोके ३८० कोटींपर्यंत पोहोंचले, पण त्याची उष्णता ११५ वॅटवर गेली. ४०० कोटी ठोक्यांचा बेत कंपनीनें २००४ च्या ऑक्टोबरांत सोडून दिला.

२००६ सालीं तिनें कोअर २ ड्युओ काढला. त्याच्या एका प्रकाराचे ठोके अवघे २४० कोटी आणि उष्णता ६५ वॅट. तरी बहुतेक कामांत त्यानें ३८० कोटींच्या पेंटियम ४ ला मागें टाकलें. त्याची रांग १४ टप्प्यांची होती आणि एका ठोक्यास चार आज्ञांपर्यंत काम हातीं घेण्याची त्याची शक्ति होती. मौजेची गोष्ट अशी, कीं त्याची वंशावळ पेंटियम ४ कडे जात नाहीं. ती जाते ज्याला जुना म्हणून बाजूस सारलें होतें त्या पेंटियम ३ कडे. फेरे कमी झाले, गाडगीं मोठीं झालीं.

कोअर २ ड्युओमध्यें एकाच तुकड्यावर दोन प्रोसेसर नांदत होते. अनेकांनीं मिळून काम उरकण्याची ही कल्पना नवी नव्हे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ट्रान्सप्यूटर नांवाचे अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच उभा राहिला होता. मात्र या युक्तीलाहि मर्यादा आहे. जीन ॲमडाल यांनीं १९६७ सालीं मांडलेल्या विचारानुसार, कामाचा एक दशांश भाग वांटून देतां येत नसेल, तर कितीहि प्रोसेसर लावले तरी वेग दसपटीपलीकडे जाणार नाहीं.

तेव्हां खरी कसोटी एकच: जें काम करावयाचें, तेंच दोघांकडून करवून घ्यावें आणि लागलेला वेळ मोजावा. १९८८ सालीं स्थापन झालेली ‘स्पेक’ ही संस्था प्रत्यक्ष वापरांतील प्रोग्रॅमवर बेतलेल्या कसोट्या तयार करते, ती याच विचारानें.

आणि वेग हीच नेहमीं गरज असते असेंहि नाहीं. २०२१ च्या फेब्रुवारींत मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीचा मुख्य प्रोसेसर गेल्या शतकाच्या अखेरच्या पॉवरपीसी ७५० या घराण्यांतील आहे. त्याचे ठोके फार तर २० कोटी. तिच्यासवें गेलेल्या ‘इंजेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरांत मोबाइल फोनसाठीं बनलेला, दहापटीहून अधिक ठोक्यांचा प्रोसेसर होता. खालच्या जमिनीचीं चित्रें क्षणोक्षणीं पारखून तोल सांभाळावयाचा, म्हणून हेलिकॉप्टराला वेग हवा होता. गाडीला हवा होता भरंवसा. अंतराळांतील किरणांच्या माऱ्यानें आंकड्यांत उलथापालथ होऊं नये, अशा बंदोबस्तानें तिचा प्रोसेसर घडविला आहे. हेलिकॉप्टरानें २०२४ च्या जानेवारीपर्यंत ७२ उड्डाणें केलीं. जुना आणि नवा शेजारीं शेजारीं राबले, आणि दोघांनींहि आपापला मळा भिजविला.